ड्रायर भरवशाचा की नाही, हे तारे सांगत नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत कपडे वाळवायचा ड्रायर कसा निवडावा, हा लेख वाचला. प्रोग्राम किती, आवाज किती, ग्राहकांनी तारे किती दिले, सगळं आलंय. बिघडला तर उघडायचा कसा, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. घरगुती उपकरणं दुरुस्त करणं हाच माझा धंदा, म्हणून हे पत्र.

‘फिरतो, पण गरम होत नाही’ ही नेहमीची तक्रार. लोक लगेच हीटरची कॉइल गेली म्हणून मोकळे होतात. जाते, कॉइलही जाते. पण मागे पाईप असलेल्या ड्रायरमध्ये मी आधी थर्मल फ्यूज बघते. हवेच्या वाटेवर बसवलेला छोटासा तुकडा. उष्णता मर्यादेबाहेर गेली की तो तुटतो, आणि एकदा तुटला की बदलावाच लागतो. प्लग काढायचा, फ्यूजच्या वायरी सोडवायच्या, मल्टीमीटर (वीज तपासायचं मीटर) लावून फ्यूज आतून तुटलाय का ते बघायचं, की लगेच निकाल. काही मॉडेलांत तो गेला की मोटरच सुरू होत नाही, ते वेगळं.

आता हा फ्यूज उगाच जात नाही. बहुतेक वेळा मागचा पाईप लिंटने, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंच्या भुश्याने, तुंबलेला असतो, गरम हवेला बाहेर पडायला वाट नसते. पाईप साफ न करता नुसता फ्यूज बदलला तर तोही जाणारच. त्याहून वाईट प्रकार एका गिऱ्हाइकाकडे पाहिला. आधीच्या मेकॅनिकने फ्यूज चक्क ‘डायरेक्ट’ केला होता. दोन्ही वायरी एकमेकींना जोडून वर काळी टेप. घरचे खूश, कारण ड्रायर पूर्वीपेक्षा जास्त तापत होता! मागचं पॅनल काढलं तर पाईपच्या तोंडाशी लिंटचा करडा थर, बोटांनी सोलून निघेल इतका जाड, कडेला करपून तपकिरी झालेला. लिंट पेटायला वेळ लागत नाही. असं काम करणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नये.

भरवशाचं म्हणाल तर कोणता भाग गेला ते बघावं. मोटर चालू, पण ड्रम थांबलेला आणि हाताने अगदी सैल फिरतोय, तर पट्टा तुटलाय. चीं चीं आवाज आला तर रोलर किंवा पट्टा ताणून धरणारी पुली. ही झीज आहे, तेवढ्यावरून यंत्राला नावं ठेवू नयेत. कपडे ओलसर असतानाच ड्रायर थांबत असेल, तर ड्रममधल्या ओल ओळखणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्या पुसून बघा. कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी ड्रायर-शीटचा मेणचट थर तिथेही बसतो आणि लिंटच्या जाळीवरही. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं, तर साबण आणि मऊ ब्रशने घासायची वेळ झाली.

कंट्रोल बोर्ड वरचेवर जात असेल, त्यातून तो मिळतही नसेल, तर मात्र मी ते मॉडेल घेऊ नका म्हणते. हीट पंपचे ड्रायर, म्हणजे फ्रिजसारख्या गॅसच्या यंत्रणेने हवा तापवणारे, कमी तापमानावर चालतात, वीज बरीच वाचवतात, कपडेही टिकतात. पण त्यातली गॅसची यंत्रणा सीलबंद असते, ती घरी उघडून जमत नाही. शिवाय आतल्या बारीक पत्र्यांवर लिंट बसते. तिथे हात पोचतो का, की त्यासाठी अख्खी बॉडी खोलावी लागते, हे घेण्याआधी विचारावं. विक्रेत्याला उत्तर येत नसेल, तर तेही उत्तरच.

तारे देणारे बहुतेक नव्या यंत्राच्या आनंदात देतात, तेव्हा पट्टा झिजायला सुरुवातही झालेली नसते. म्हणून विनंती, की पुढच्या वेळी तक्त्यात आणखी तीन रकाने द्या: सुटे भाग किती वर्षं मिळतील, दुरुस्तीची पुस्तिका बाहेरच्या मेकॅनिकला मिळते का, आणि पट्टा बदलायला काय काय खोलावं लागतं.

आपली,
उपकरणं दुरुस्त करणारी एक वाचक