चुनखडी टाकण्याआधी भट्टीचे तापमान बघा

महोदय,

धुराड्यातून गंधकाचा उग्र धूर सुटला की 'कोळशात चुनखडी मिसळा' हा सल्ला हमखास मिळतो. तो देणाऱ्याला आधी विचारावे, बॉयलर कुठला?

चुनखडी तापली की तिचा कळीचा चुना होतो आणि हा चुना सल्फर डायऑक्साइड धरून कॅल्शियम सल्फेट बनतो. हे काम नीट होते ८२० ते ८७० अंश सेल्सिअसला. एफबीसी बॉयलरमध्ये खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर खदखदणाऱ्या वाळू-राखेच्या थरात कोळसा जळतो; हा थर, म्हणजे बेड, साधारण तेवढ्यावरच चालतो. जाळीवर पेटलेला कोळशाचा थर मात्र १२०० अंशांच्या पुढे जातो. तिथे चुन्याची छिद्रे भाजून मिटतात आणि धरलेला गंधकही परत सुटतो. इचलकरंजीतल्या प्रोसेसचा (कापड प्रक्रिया कारखान्याचा) बॉयलर जाळीचा असेल तर चुनखडीचे पैसे राखेतच गेले. शिरोलीतल्या फाउंड्रीच्या क्युपोलात (लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीत) टाकतात ती चुनखडी स्लॅग, म्हणजे वितळलेली मळी, पातळ करायला असते. आम्लधर्मी अस्तराच्या क्युपोलात तिने गंधक कमी होईल ही आशा सोडावी. तिथे कॉस्टिकच्या पाण्याने धूर धुणारा स्क्रबरच हवा.

आता एफबीसीवाल्यांसाठी हिशेब. ०.५ टक्के गंधकाच्या १ टन कोळशात ५ किलो गंधक असतो, त्याचा १० किलो सल्फर डायऑक्साइड होतो. कागदावर १ किलो गंधकाला ३.१ किलो शुद्ध चुनखडी पुरते. प्रत्यक्षात निदान अडीचपट लागते, कारण कणावर सल्फेटचे कवच धरते. सल्फेटला चुन्यापेक्षा अडीचपटीहून जास्त जागा लागते, छिद्रे बुजतात आणि आतला चुना कोराच राहतो. म्हणजे ९० टक्के शुद्धतेची चुनखडी टनामागे सुमारे ४३ किलो. ६ टक्के गंधकाचा पेटकोक (तेलशुद्धीकरणातून उरणारा कोक) जाळायचा तर हाच आकडा ५२० किलोवर जातो. पेटकोक स्वस्त म्हणणाऱ्यांनी ही चुनखडी आणि तिची राख दोन्ही जमेस धरावी.

माल घेताना पावडर नको, खडेही नकोत. पीठ धुराबरोबर उडून जाते, जाड कण आतून वाया जातो. साध्या बबलिंग बेडला (थर जागीच खदखदतो त्या एफबीसीला) १ मिलिमीटरच्या आतला माल ठीक. चुनखडीच्या नावाखाली डोलोमाइट येत नाही ना, हेही पाहावे. त्यातले मॅग्नेशियम या तापमानाला गंधक धरत नाही. थंड, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. चांगली चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट संथपणे बुडबुडे सोडतो. शेतातल्या चुनखडीत माती आणि वाळू किती हे ढिगागणिक बदलते, तिच्यावर हिशेब बसत नाही.

चुनखडी फावड्याने एकदम ओतू नये. तिचा चुना होताना उष्णता ओढली जाते, बेड गार पडतो आणि ७८० अंशांच्या खाली तर चुना होणेच मंदावते. स्क्रू फीडरने (फिरत्या स्क्रूने माल पुढे ढकलणाऱ्या यंत्राने), कोळशाच्या प्रमाणात, सतत द्यावी. आपल्याकडच्या पावसात ती छपराखालीच हवी. ओली झाली की फीडर तुंबलाच.

आणि राखेबद्दल कळकळीने सांगतो. या राखेत न वापरलेला चुना असतो. हॉपरमधल्या (राख साठवायच्या टाकीतल्या) राखेवर पाणी मारले की ती तापून वाफ उसळते, कामगाराचे हात-तोंड भाजू शकते. पाइपात ओल शिरली तर ती दगडासारखी धरते. नेहमीची फ्लाय अॅश समजून ती वीटभट्टीवाल्याला देऊ नका. मोकळा चुना आणि सल्फेट मागाहून फुगतात आणि भिंतीत बसवलेल्या विटा तडकतात. राख देताना त्यातल्या मोकळ्या चुन्याचा तपासणी अहवाल सोबत द्यावा, आणि घेणाऱ्यानेही तो मागून घ्यावा.

– बॉयलर व भट्टीच्या कामातील काही अभियंते, कोल्हापूर