भाराभर चिंध्या

सातारा,
२२ सप्टेंबर

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज कापत होता. गाणी रचणं, चित्रं, ते व्हिडिओ, सगळं एकदम चालणार नाही, एकच काय ते धर, असं तिथे सगळे सांगतात म्हणालीस. आणि मग हळूच म्हणालीस, "तूही तेच म्हणायचीस ना." हो, म्हणायचे. तू दहावीत रियाज सोडून पेटीच्या लाकडावरच मोर रंगवत बसलीस, तेव्हा मी ओरडले होते, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" ते वाक्य मला परत घ्यायचंय. फोनवर नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

काल २१ सप्टेंबर. ठरल्याप्रमाणे तू अर्थ, विंड अँड फायर या अमेरिकन बँडचं 'सप्टेंबर' हे गाणं पाठवलंस, त्यात हीच तारीख येते ना. दरवर्षी ऐकते, पण ते लिहिलं कुणी हे कधी पाहिलं नव्हतं. काल रात्री तेच वाचत बसले. बँडमधल्याच मॉरिस व्हाइट आणि अल मकाय यांच्याबरोबर ते लिहिणारी बाई म्हणजे ॲली विलिस. १९४७ साली डेट्रॉइटमध्ये जन्मली, वडिलांचा भंगाराचा धंदा. तिला शेवटपर्यंत कुठलंही वाद्य वाजवता आलं नाही. नोटेशन वाचता यायचं नाही, लिहिताही यायचं नाही. चाली तिच्या डोक्यात असायच्या आणि ती त्या गाऊन दाखवायची.

मग कान कुठे तयार झाला? शाळेत असताना ही मुलगी मोटाउन या तिथल्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओबाहेर हिरवळीवर जाऊन बसायची. भिंतीतून जे झिरपेल ते ऐकायची. बास ऐकू यायचा, ठेका ऐकू यायचा. रेवा, हे वाचून मी थांबलेच. तू भजनीमंडळाच्या खोलीबाहेर पायरीवर बसून असायचीस आणि मी तुला अभ्यासाला हाका मारायचे.

पत्रकारिता शिकून ती न्यूयॉर्कला एका रेकॉर्ड कंपनीत जाहिराती आणि रेकॉर्डच्या पाकिटांवरचा मजकूर लिहायला लागली. १९७४ मध्ये स्वतःचा अल्बम काढला. तो खपला नाही, दुसरा निघालाच नाही. मग क्लबांमध्ये लोकांचे कोट सांभाळणं, पोस्टरं लावणं, अशी कामं केली. 'सप्टेंबर' आलं १९७८ मध्ये. म्हणजे मधली चार वर्षं तशीच गेली. तुझं तर अजून दुसरंच वर्ष आहे.

त्या गाण्यातल्या 'बा-डी-या'ला काही अर्थ नाही. तिला ते खटकायचं. इथे खरे शब्द घालू या, म्हणून ती मॉरिस व्हाइटच्या मागे लागली होती. त्यानं ऐकलं नाही. शब्दांनी ठेक्याच्या आड यायचं नसतं, हे आपण त्याच्याकडून शिकलो, असं ती पुढे सांगायची. तुझ्या त्या पावसाच्या गाण्यात तू नुसतंच 'हुं हुं' म्हणतेस ना, तिथे शब्द घाल असं मीच म्हटलं होतं. नको घालूस.

नंतर 'बूगी वंडरलँड', पॉइंटर सिस्टर्सचं 'न्यूट्रॉन डान्स', पेट शॉप बॉइजबरोबरचं काम, आणि तुझ्या लाडक्या 'फ्रेंड्स' मालिकेचं शीर्षकगीत, त्याचीही ती सहलेखिका. पण मला जास्त भावलं ते बाकीचं. ती चित्रं काढायची, व्हिडिओंचं कलादिग्दर्शन करायची. लॉस एंजेलिसच्या तिच्या गुलाबी घरात, लोक भडक, बाजारू म्हणून हसतील अशा वस्तू तिनं प्रेमानं गोळा केल्या आणि त्यांचं इंटरनेटवर संग्रहालय मांडलं. भंगारवाल्याचीच मुलगी ती, टाकलेल्या वस्तूकडे बघायची नजर घरातूनच आली असणार, असं मला आपलं वाटतं. फेसबुकच्या कितीतरी आधी, १९९०च्या दशकात, लोकांनी एकमेकांना भेटावं असं एक गाव ती संगणकावर वसवायला निघाली होती. ते उभं राहिलं नाही. म्हणून ती गप्प बसली नाही. २००५ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, ब्रेंडा रसेल आणि स्टीफन ब्रे यांच्यासोबत तिनं 'द कलर पर्पल' या कादंबरीवरच्या नाटकाची गाणी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर, आणली. पुढे आपल्या डेट्रॉइटसाठी एक गाणं केलं, तेही शहरातल्या ५,०००हून जास्त लोकांना गायला लावून. २०१८ मध्ये गीतकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं, आणि २०१९च्या डिसेंबरात ती गेली.

तिला कुणी एकच काहीतरी धरायला लावलं असतं, तर ती काय सोडणार होती, सांग? मला तरी ठरवता येईना.

फीचा दुसरा हप्ता सोमवारी भरते, त्याची काळजी करू नकोस. डब्याचं जमत नसेल तर बदल, पण उपाशी राहू नकोस. दिवाळीला येशील म्हणून पेटी माळ्यावरून खाली काढलीय. भाता फाटलाय, दुरुस्तीला दिलाय. पॉलिशही करून देतो म्हणाले. मी म्हटलं, मोराला हात लावू नका.

तुझी,
आई