फोनच्या खोक्यावर आणखी एक तारीख छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नव्या मोबाइलच्या खोक्यावर एमआरपी असते, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते, आयएमईआय क्रमांक असतो. या फोनला सुरक्षा अपडेट, म्हणजे प्रणालीतल्या त्रुटींची दुरुस्ती, कधीपर्यंत मिळणार, हे मात्र कुठेही छापलेले नसते. मोबाइल सुरक्षेचा बाजार वाढतो आहे, अशा बातम्या अर्थविषयक पानांवर सतत येतात. त्या बाजारात जे विकले जाते, त्यातले बरेचसे या न छापलेल्या तारखेनंतर फारसे कामाचे राहत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऑगस्ट २०१५ पासून गूगल दर महिन्याला अँड्रॉइडचे सुरक्षा पत्रक, म्हणजे सापडलेल्या त्रुटी आणि त्यांवरच्या दुरुस्त्यांची यादी, काढते. त्यातली दुरुस्ती आपल्या फोनवर थेट येत नाही. चिप क्वालकॉमची किंवा मीडियाटेकची, तिचे ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) वेगळे, त्यावर फोन कंपनीने स्वतःच्या सॉफ्टवेअरचा साज चढवलेला. प्रत्येक मॉडेलसाठी दुरुस्ती बसवायची, तपासायची, मग पाठवायची. दहा-बारा हजारांच्या फोनवर कंपनीला सुटतात थोडे पैसे, आणि मॉडेले ढीगभर. त्यामुळे महिन्याचे अपडेट तीन महिन्यांवर जाते आणि पुढे बंदच होते. पत्रक तर जगजाहीर असते. भोक कुठे आहे ते चोराला कळलेले असते आणि आपल्या फोनवर ते तसेच उघडे राहते.

सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन या वाटेने गेले की दोन तारखा दिसतात: ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ आणि ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’. दुसरी ताजी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. प्ले सिस्टिम अपडेटमध्ये गूगल काही ठरावीक भाग परस्पर बदलते. चिपचे ड्रायव्हर आणि मोडेम (फोन नेटवर्कला जोडणारा भाग) त्यात येत नाहीत. पहिली तारीख सहा महिन्यांहून जुनी असेल आणि ‘अपडेट तपासा’ दाबूनही काही येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे अ‍ॅप ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक मेख. कंपनी चार वर्षांचे अपडेट देऊ करते तेव्हा ती वर्षे मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून मोजली जातात, आपण पैसे मोजल्या दिवसापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये दोन वर्षे जुने मॉडेल निम्म्या किमतीत मिळते, तेव्हा निम्मी सुरक्षाही वापरून संपलेली असते. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून गूगल व सॅमसंग सात वर्षे देतात, पण ते फोन घेणारे किती?

दुकानात स्क्रीनगार्ड आणि कव्हरसोबत वर्षभराचा अँटीव्हायरसही गळ्यात मारला जातो. तो अगदीच निरुपयोगी नाही: फसवी लिंक अडवतो, ओळखीचे घातक अ‍ॅप पकडतो. पण अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला आपापल्या चौकटीत ठेवते, आणि अँटीव्हायरस हेही शेवटी एक अ‍ॅपच. त्याला दुसऱ्या अ‍ॅपच्या खासगी माहितीत डोकावता येत नाही, प्रणालीतले भोकही बुजवता येत नाही. आयफोनवर तर तो इतर अ‍ॅप तपासूच शकत नाही. तिथे त्या नावाखाली वेबफिल्टर आणि व्हीपीएन विकले जाते. फुकट मिळणारे प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गूगलचीच घातक अ‍ॅप तपासणारी सोय, चालू आहे की नाही, हे पैसे देण्याआधी प्ले स्टोअरमध्ये पाहावे.

आपल्याकडे सध्या लुबाडणूक होते ती मुख्यतः एपीके फायलीतून, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणाऱ्या फायलीतून. व्हॉट्सअ‍ॅपवर वाहतूक चलान, लग्नपत्रिका किंवा बँकेच्या केवायसीच्या नावाने फाइल येते. ती उघडली की फोन विचारतो, व्हॉट्सअ‍ॅपला अनोळखी अ‍ॅप बसवू द्यायचे का. प्ले प्रोटेक्टही इशारा देते. माणूस चलानाच्या धास्तीने दोन्ही ठिकाणी ‘हो’ म्हणतो. मग अ‍ॅप एसएमएस वाचण्याची, पाठवण्याची आणि नोटिफिकेशन पाहण्याची परवानगी घेते, आपले चिन्ह लपवते आणि येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर पुढे धाडते. एसएमएस पाठवण्याची परवानगी त्याहून वाईट, कारण यूपीआयची नोंदणी आपल्या सिमवरून गेलेल्या एसएमएसवरच होते. खऱ्या चलानाच्या निरोपासोबत एपीके फाइल कधीच येत नाही. शंका आली तर लिंक न दाबता वाहतूक पोलिसांच्या अधिकृत ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकावा.

फाइल बसलीच, तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद आहे ना ते पाहा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला कळवा. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे असते. म्हणून ती वेळ मोलाची. मग सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत ते अ‍ॅप शोधा, स्क्रीनशॉट घ्या आणि काढून टाका. ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल तर त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार (फोनवरचा विशेष ताबा) घेतलेला असतो. तो आधी काढून घ्यावा लागतो, कधी सेफ मोडमध्ये (बाहेरून बसवलेली अ‍ॅप बंद ठेवून फोन चालवण्याची सोय) जाऊन. त्यानंतरच नेटवर्क सुरू करून ##००२# डायल करा, म्हणजे कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ते रद्द होतात. व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ यादीही पाहा. घाबरून लगेच फॅक्टरी रीसेट मारू नका, पुरावा जातो.

मोबाइल सुरक्षेच्या बाजाराची खरी वाढ कंपन्यांच्या खरेदीत आहे: कर्मचाऱ्यांच्या फोनवर दूरून देखरेख ठेवणाऱ्या प्रणाली. मोठ्या बँका त्या घेतात. पतसंस्थेचा पिग्मी एजंट मात्र स्वतःच्याच जुन्या फोनवर शेकडो खातेदारांची यादी घेऊन फिरतो. अँड्रॉइडचे ‘वर्क प्रोफाइल’ इथे उपयोगी पडते: संस्थेचे अ‍ॅप आणि माहिती वेगळ्या कप्प्यात राहते, फोन हरवला तर तेवढाच कप्पा दूरून पुसता येतो आणि एजंटचे खासगी फोटो संस्थेला दिसत नाहीत. हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून कर्मचारी विरोध करतात. सुरक्षेतल्या हयगयीमुळे माहिती फुटली तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पतसंस्थांच्या संचालकांनी तो आकडा एकदा वाचावा.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट द्यायचे. आपल्याकडे दुरुस्ती निर्देशांकासाठी (वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुणांकन) नेमलेल्या केंद्रीय समितीच्या अहवालात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे, पण निर्देशांकाचे गुण म्हणजे तारीख नव्हे. संचार साथी हे सरकारी अ‍ॅप प्रत्येक फोनमध्ये सक्तीने घालण्याचा आदेश केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला आणि ओरड होताच डिसेंबरात मागे घेतला. त्यापेक्षा खोक्यावर एक ओळ छापायला लावणे कितीतरी सोपे. आवेष्टित (पॅकबंद) वस्तूंचे २०११ चे नियम आहेतच. उत्पादनाचा महिना त्यांच्यामुळेच छापला जातो. त्याच्याच खाली ‘सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक वर्षापर्यंत’ असे छापावे, आणि ऑनलाइन विक्रीत ते किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात दिसावे.

आपले,
मोबाइल सुरक्षा क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे