निसर्गफेऱ्यांच्या व्याख्यानांना सभागृह हवे

महोदय,

पुण्यातील वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांची संख्या मोठी असली, तरी पायाखालचा बेसाल्टचा कातळ, पावसाळ्यात त्यावर उमलणारी रानफुले आणि उघड्या जमिनीवरच अंडी घालणारा रातवा पक्षी यांची ओळख फार थोड्यांना असते. ही ओळख आमच्या भागातील एक निसर्गप्रेमी गट रविवारच्या फेऱ्यांतून आणि व्याख्यानांतून एक पैसाही न घेता करून देतो. मूळच्या मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प या झाडाच्या लागवडीने टेकडी हिरवी दिसते, पण त्याखाली स्थानिक झाडोरा फारसा वाढत नाही, हे मला वयाच्या साठीनंतर अशाच एका फेरीत कळले. शाळेत कोणी सांगितले असते, तर किती बरे झाले असते! व्याख्यानांसाठी मात्र गटाला जागा मिळत नाही; मागचे व्याख्यान एका इमारतीच्या वाहनतळात झाले. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. निदान त्या आठवड्यात महापालिकेने आपल्या शाळांची सभागृहे संध्याकाळी अशा गटांना विनामूल्य द्यावीत आणि आपल्या दैनिकाने फेऱ्यांच्या वेळा स्थानिक कार्यक्रमांच्या सदरात छापाव्यात, ही नम्र विनंती.

– एक वाचक, पुणे