पिशवीचा कागद जपायला शिकवणाऱ्या आशाताईंना

ताई, नमस्कार.

धारूरच्या डोंगरपट्ट्यातून येणाऱ्या बाया हल्ली ओपीडीत बसल्या की आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद पुढे करतात. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, आणि नशीब असेल तर काढलेल्या गर्भपिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट. ही सवय तुम्ही लावली. त्याचे आभार मानायला हे पत्र. उघड लिहितोय, कारण त्या कागदावर काय बघायचं ते इतर गावांतल्या आशांनाही कळावं.

बीडमधला पिशवी काढलेल्यांचा आकडा आता कुणाला नवा नाही. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पण नुसतं ‘पिशवी काढली’ एवढ्यावर उपचार ठरत नाही. तुम्ही दारोदार विचारता तो प्रश्न महत्त्वाचा: अंडाशय ठेवले, की तेही गेले? बाईला ते बहुतेकदा सांगितलेलंच नसतं, आणि पोटावरच्या टाक्यांवरून ओळखता येत नाही.

कागदावर ‘टीएएच’ किंवा ‘व्हीएच’ एवढंच असेल, तर पिशवी गेली. पुढे ‘बीएसओ’ जोडलेलं असेल, तर दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि अंडाशयही गेले. ‘यूएसओ’ म्हणजे एकच बाजू. ‘सबटोटल’ लिहिलं असेल तर पिशवीचं तोंड आत शिल्लक आहे. कार्डावरचं अक्षर घाईचं असतं, म्हणून तपासणीच्या रिपोर्टवर आमचा जास्त भरवसा. बरणीत काय काय आलं ते त्यात लिहिलेलं असतं.

चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेले की इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं हॉर्मोन, काही दिवसांतच खाली येतं. अंगातून वाफा, रात्री घामानं झोपमोड, सांधे धरणं, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं. हाडं पहिल्या काही वर्षांतच झपाट्यानं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अशा बाईला ‘ताकदीचं’ इंजेक्शन देऊन घरी पाठवणं म्हणजे वेळ मारून नेणं. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय गेल्याचं कागदावर स्पष्ट असेल तर एफएसएचवर, म्हणजे अंडाशय थकलेत का हे सांगणाऱ्या रक्ततपासणीवर, पैसे घालवू नयेत. थायरॉइडची टीएसएच मात्र करावी, कारण थकवा, अंगदुखी आणि झोपेच्या तक्रारी तिथूनही येतात. अंडाशय ठेवलेले असले तरी ते काही वर्षं आधीच थकू शकतात, आणि पाळी नसल्यानं ते कळत नाही. तिथे एफएसएच उपयोगी. शंका राहिली तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा.

हॉर्मोन सुरू करण्यापूर्वी तुम्ही चिठ्ठीवर लिहून पाठवता ते पाच मुद्दे आमचा अर्धा तास वाचवतात: स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघाताचा झटका किंवा हार्ट अटॅक, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव. यातलं काही नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देणं योग्य. गोळी असेल तर इस्ट्राडायोल व्हॅलरेट, रोज एक. तरुण बाईला बहुधा २ मिलिग्रॅम लागतं. पिशवी पूर्ण गेली असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन, म्हणजे पिशवीचं अस्तर आटोक्यात ठेवणारं दुसरं हॉर्मोन, सहसा लागत नाही. तरी दोन्ही लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात, निव्वळ सवयीनं. उलट पिशवी असलेल्या बाईला एकटं इस्ट्रोजेन दिलं की आतलं अस्तर जाड होतं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) असलेली किंवा ‘सबटोटल’वाली बाई म्हणूनच डॉक्टरांना वेगळी दाखवायची.

बीपी जास्त, वजन जास्त किंवा मायग्रेन असेल तर जेल बरं, त्यात रक्ताची गाठ होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी. ०.०६ टक्के जेलच्या अडीच ग्रॅममध्ये दीड मिलिग्रॅम इस्ट्राडायोल येतं; मापाची पट्टी ट्यूबसोबतच असते. पहाटे उसाच्या फडात उतरण्याआधी लावलं तर घामानं वाया जातं. संध्याकाळी अंघोळीनंतर दंडाला किंवा मांडीला, छातीला नाही. पूर्ण वाळेपर्यंत लेकराला जवळ घ्यायचं नाही, हात साबणानं धुवायचे.

थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर इस्ट्रोजेनच्या गोळीनं तिचा डोस कमी पडू शकतो. सहा ते बारा आठवड्यांत टीएसएच पुन्हा करायची. कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर. अंतर न ठेवण्याच्या चुकीचा दोष उगाच औषधाच्या कंपनीवर जातो.

‘हॉर्मोननं कॅन्सर होतो’ ही भीती २००२ च्या अमेरिकी अभ्यासातून पसरली. त्यातल्या बायांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं आणि त्या दोन हॉर्मोन एकत्र घेत होत्या. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या गटात, पिशवी नसलेल्या आणि एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायांमध्ये स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पक्षाघात मात्र वाढला. अडतीस वर्षांच्या बाईचं हिशेबाचं गणितच वेगळं, तिच्या शरीरात असायला हवं तेच आपण परत देतोय. हे तुम्ही ओट्यावर बसून आमच्यापेक्षा सोप्या भाषेत सांगता.

ऊसतोड टोळी कारखान्यावर निघण्याआधी सहा महिन्यांच्या गोळ्या बांधून देण्याची तुमची मागणी आम्ही मान्य केली. २८ च्या पाकिटानं सात पाकिटं लागतात. कोपीत (तोडीच्या जागेवरच्या झोपडीत) पत्र्याच्या पेटीत ठेवू नका म्हणावं, पेटी तापते; पाण्याच्या माठाजवळ, पण ओल लागणार नाही अशा डब्यात. आणि एका पायाची पोटरी सुजून दुखली, धाप लागली, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं तर गोळी बंद करून त्याच दिवशी जवळचं सरकारी रुग्णालय, मुकादमाची परवानगी नंतर.

गुढीपाडव्याच्या सुमारास गाड्या परततील. बीपी आणि वजनाची फेरी तेव्हाच तांड्यावर लावतो. सोबत पन्नास प्लॅस्टिकच्या पिशव्या पाठवल्यात, कागदांसाठी.

तुमचे,
स्त्रीरोग ओपीडी आणि औषध खिडकीवरचे आम्ही सगळे