वर्गमुळाच्या जागी टोपीवाला ए, आणि तुम्ही म्हणता नेट स्लो

कस्टमर केअरवाले, नमस्कार,

तुमच्या दहावीच्या टेस्ट सिरीजचे वर्षाचे पैसे मी जूनमध्येच भरलेत आणि ही माझी तिसरी तक्रार. आधीच्या दोन्हींना तेच उत्तर, इंटरनेट कनेक्शन तपासा. अहो, आमच्या वेंगुर्ल्यात पावसात लाईट जाते, रेंज जाते, मान्य, पण रेंज गेली तर पान उघडणारच नाही ना, चिन्हं कशी बदलतील?

माझं डीटीपीचं दुकान आहे, जुन्या फॉन्टातल्या लग्नपत्रिका युनिकोडात आणता आणता चष्म्याचा नंबर वाढला, त्यामुळे हे दुखणं मला चांगलं माहितीय. वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाचं चिन्ह हवं तिथे टोपी घातलेला ए, मग नुसतीच टोपी, मग उलट्या टोपीचा एस असं येतंय. म्हणजे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड अक्षरं साठवायच्या पद्धतीत, सेव्ह झालंय, त्याचे होतात तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन तुकडे, आणि तुमच्याकडे कुठेतरी ते विंडोज-१२५२, म्हणजे एका बाइटला एक अक्षर धरणारी जुनी पद्धत, समजून तीन वेगळी अक्षरं म्हणून वाचले जातायत. पेपर सेमी इंग्लिशचा, साधी इंग्रजी अक्षरं दोन्हीकडे सारखीच, म्हणून बाकी पान चकाचक दिसतं आणि तुमच्या चेकिंगवाल्याच्या लक्षातच येत नाही.

त्याहून वाईट घातांकाचं. प्रश्न होता २ चा घन वजा ५. कोणीतरी वर्डमधून साधं कॉपी-पेस्ट मारलं असणार, वरचा ३ खाली उतरला आणि झालं २३ वजा ५. मुलीने १८ लिहिलं, तुमची आन्सर की म्हणते ३, मार्क गेला. पोरगी तासभर वही घेऊन बसली होती की माझं चुकलं कुठे, आणि मी पण आधी तिलाच ओरडलो.

आणि 'ए लहान बी' मध्ये तर लहानचं चिन्ह सरळ टाइप केलंय, ब्राउझर त्याला टॅग, म्हणजे पानाच्या मांडणीची सूचना, समजतो आणि पुढचं अर्धं वाक्य गिळतो.

सूत्रं मॅथएमएलमध्ये, म्हणजे वेबपानावर गणित लिहायच्या खास भाषेत, टाका की, क्रोममध्ये जानेवारी २०२३ च्या १०९ व्हर्जनपासून चालतं, फायरफॉक्समध्ये तर कधीचंच.

पाच स्क्रीनशॉट सोबत जोडलेत, दोन दुकानातल्या कॉम्प्युटरवरचे आहेत, तिथे फायबर आहे. टेस्ट ४ आणि ७ चे मार्क परत मोजून द्या, नाहीतर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. आणि कृपा करून नेट तपासा असं परत लिहू नका.

एक ग्राहक, वेंगुर्ला