आई-बाबांना, राजीनाम्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

नोकरीचा राजीनामा दिला आहे, व्हिडिओ गेम बनवायला शिकण्यासाठी. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन तुझ्याकडे दिला असता, आई, म्हणून लिहितेय. भाऊकाकांच्या प्रेससारखं हे नाही. कर्ज नाही, भागीदार नाही. वर्षभराचं भाडं बाजूला काढलंय, तुमच्या विम्याला धक्का नाही. डबा लावलाय, पोळ्या मऊ असतात.

गेम बनवायला शिकतेय, पण एकदम मोठा नाही. छोटे नमुने करायचे, एकात एकच गोष्ट शिकायची. सुरुवात पाँग या जुन्या व्हिडिओ गेमने. 1972 साली अटारी या गेम कंपनीत अ‍ॅलन अल्कॉर्न या इंजिनिअरलाही तो सरावासाठीच दिला होता. दोन फळ्या, एक चेंडू. दिसतो सोपा, पण इंजिन, म्हणजे गेम बनवायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, सेकंदाला 60 वेळा चेंडूची जागा ठरवतं. वेग सेकंदाला 1800 पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) झाला की तो दर वेळी 30 पिक्सेल सरकतो. फळी 10 पिक्सेलची नि चेंडू 8 चा असेल, तर एका वेळी चेंडू फळीच्या अलीकडे आणि पुढच्या वेळी थेट पलीकडे. टक्कर होतच नाही. फळी जाड करणं ही मलमपट्टी. चेंडू नुसता उचलून पुढे न ठेवता, वाटेत काही आडवं येतं का ते तपासत सरकवायचा. मी वापरते त्या गोडो इंजिनात ‘मूव्ह अँड कोलाइड’ ही आज्ञा हेच करते.

मग उड्या मारणारं पात्र. कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण 0.1 सेकंद उडी मान्य करायची, नाहीतर खेळणाऱ्याला वाटतं, बटण वेळेवर दाबूनही गेमने फसवलं. बाबा, सापशिडीत साप आला की तुम्ही मला फासा पुन्हा टाकू द्यायचात, तशीच ही सवलत. चित्रं सगळ्यात शेवटी, तोवर रंगीत चौकोन पुरतात.

गोडो फुकट मिळतं. ‘फुकट देतात म्हणजे पुढे पैसे घेणारच’ असं तुम्ही म्हणाल. शंका रास्त आहे. युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने 2023 मध्ये गेमच्या दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं, पुढच्या वर्षी मागे घेतलं. गोडो एमआयटी परवान्यावर, म्हणजे कुणालाही मोफत वापरायला खुलं आहे, कमाईत वाटा मागत नाही. जुन्या लॅपटॉपवरही चालतं, नवा घेतलेला नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ठेवायला एका गेमचे 100 डॉलर पडतात, म्हणून सध्या इच.आयओ या साइटवर फुकट ठेवतेय.

आई, लिंक पाठवते. बाबांना खेळायला दे आणि काहीही समजावू नकोस. ते कुठे अडतात, अंगठा कुठे चुकतो, तेवढं लिहून ठेव. ‘छान आहे’ एवढंच कळवलंत तर मला उपयोग नाही.

आणि माळ्यावर चढू नकोस, गुडघा आधीच बोलतोय. बाबा, उपाशीपोटीची साखर या सोमवारी तपासायची, जिलबीनंतरच्या आठवड्यात नव्हे. रिपोर्टचा फोटो आईनेच पाठवायचा. तुमचं ‘नॉर्मल आहे’ मी धरणार नाही.

तुमची,
ठमी